मुंबई–नागपूर अंतर 685 किमी, मग तिकिटावर 1 तास 35 मिनिटं का? (78 वर्षांच्या बाबांना नेणार आहे)

पोखरणरोडची लेक

नमस्कार मंडळी. ठाण्याहून, म्हणजे पोखरण रोड नंबर 2 वरून, बाबांना घेऊन नागपूरला जायचं आहे. मोठ्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, प्रतापनगरला घरीच. दोघा भावांची सहा वर्षांत भेट नाही. बाबा 78 वर्षांचे आहेत आणि आजवर एकदाही विमानात बसलेले नाहीत.

बाबा रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्याकडे गार्डच. सगळी नोकरी कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ याच पट्ट्यात झाली. मिनिटामिनिटाची नोंद ठेवायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. शर्टाच्या खिशात छोटी डायरी असते. डॉक्टरांनी आत कधी बोलावलं, बाहेर कधी सोडलं, सोसायटीचं पाणी किती वाजता आलं, सगळं त्यात असतं. खाली एक रेघ मारून पुढचा दिवस.

परवा मी त्यांना एक विमान दाखवलं. सकाळी 10:20 ला मुंबईहून सुटतं, 11:55 ला नागपूर. (तिकीट अजून काढलेलं नाही.) त्यांनी पहिलं विचारलं, "अंतर किती?" मी शोधलं, तर दोन विमानतळांमधलं अंतर साधारण 685 किलोमीटर आलं. त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेला भागाकार केला आणि म्हणाले, "ताशी 430 पडतात. विमान आठशेच्या वर जातं म्हणतात ना? मग पन्नास मिनिटांत पोचायला हवं. उरलेली पाऊण तास कुठे जातात?" मला उत्तर देता आलं नाही. एका साइटवर उड्डाणाचा वेळ 1 तास 5 मिनिटं लिहिलाय, दुसरीकडे 1 तास 20. तिकिटावर 1:35. यातलं खरं कोणतं?

बाबांना हिशोब हवाय. मला मात्र वेगळी काळजी आहे. मागच्या वर्षी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी जावंच लागतं. ते स्वतःहून कुणाला सांगणार नाहीत, दात आवळून बसून राहतील. म्हणून मला कळायला हवं की पट्टा बांधून, उठता न येता, सलग किती वेळ बसावं लागतं. तिकिटावरचा आकडा मला ते सांगत नाही.

शिवाय आता नवी मुंबईहूनही नागपूरला विमान आहे. ठाण्याहून कुठलं बरं पडेल? तिथून अंतर कमी आहे का?

---

घोडबंदरचा वैदर्भी

ताई, मी मूळचा वर्ध्याकडचा, आता कासारवडवलीला. विमानाआधी एक सुचवतो. समृद्धी महामार्गाचा विचार केलात का? 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा खुला झाला, तेव्हापासून भिवंडीजवळच्या आमण्याला रस्त्यावर चढायचं ते थेट नागपूर. पूर्ण लांबी 701 किलोमीटर. तुम्ही लिहिलेलं हवाई अंतर 685, म्हणजे रस्ता जवळजवळ विमानाच्याच रेषेत आखलाय! बाबांना हे नक्की आवडेल. कसाऱ्याला मागून ढकलणारं बँकर इंजिन लावून जो घाट गाड्या चढायच्या, तिथे आता सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा आहे. गाडी पाच-सहा मिनिटांत पार.

आम्ही दिवाळीत सहाला निघून दुपारी साडेतीनला नागपुरात होतो, जेवण धरून.

पण प्रामाणिकपणे सांगतो, तुमची जी अडचण आहे तिला हा रस्ता फारसा सोयीचा नाही. मनात येईल तिथे गाडी बाजूला घेता येत नाही आणि स्वच्छ जागा मोजक्या आहेत. माझ्या वडिलांना घेऊन गेलो तेव्हा दोन ठिकाणांच्या मध्ये त्यांचे फार हाल झाले. तब्येत साधारण असती तर हाच रस्ता सांगितला असता.

---

सहारचा निवृत्त

मी विमानतळावर उड्डाण नियोजनाच्या कामात 31 वर्षं होतो. आता कोपरखैरण्याला राहतो. तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न आमच्याकडे नव्याने लागलेली इंजिनियर मुलंसुद्धा चौथ्या दिवशी विचारायची, आणि ते पहिल्या बैठकीत तिथे पोचले. त्यांना माझा नमस्कार सांगा. उत्तर जरा सविस्तर देतो, त्यांना वाचून दाखवा.

आधी 685 किलोमीटर म्हणजे काय ते. ते पृथ्वीच्या गोलावरचं दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर. एक टोक सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर धरायचं, दुसरं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या, आणि दोरा ताणायचा. त्या दोऱ्यावरून कुठलंच विमान जात नाही. साइटवाले तेच अंतर एका ठरावीक वेगाने भागतात, कुणी त्यात वर-खाली जाण्यासाठी अर्धा तास मिळवतो, कुणी वीस मिनिटं. म्हणून तुम्हाला दोन साइटवर दोन आकडे दिसले. दोन्ही अंदाजच आहेत, त्यावर विसंबू नका.

तिकिटावरचा 1:35 हा उडण्याचा वेळ नाहीच. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. मुंबईला ते ठोकळे निघून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि नागपूरला उभं राहून ठोकळे लागले की बंद. आम्ही याला ब्लॉक टाइम म्हणतो. बाबांच्या भाषेत, फलाटावरून चाक फिरलं ते फलाटावर चाक थांबलं. मधला यार्डातला वेळ, स्टार्टरची (सुटायच्या सिग्नलची) वाट पाहणं, आउटरला (स्टेशनबाहेरच्या सिग्नलला) उभं राहणं, सगळं यातच आलं.

आता त्यांची हरवलेली पाऊण तास शोधू.

विमान स्वतःहून मागे जात नाही. ट्रॅक्टर ढकलतो, मग इंजिनं सुरू होतात, ट्रॅक्टर सुटतो. पाच-सहा मिनिटं तिथेच. मग धावपट्टीच्या टोकापर्यंत सरपटत जायचं. मुंबईला इथेच सगळा खेळ आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. बाबांना नागपूरचं डायमंड क्रॉसिंग माहीतच असेल. एका दिशेची गाडी जात असताना आडव्या दिशेला सिग्नल देता येत नाही, तसंच हे. त्यामुळे दोन पट्ट्या असून एका वेळी कामाची एकच. तिच्यावरूनच उडायचं, तिच्यावरच उतरायचं. सकाळी दहा म्हणजे गर्दीचीच वेळ. पंधरा मिनिटं धरा, पंचवीसही लागू शकतात.

पुढे तर गंमत आहे. नागपूर पूर्वेला, पण विमान उडतं पश्चिमेला. वर्षातले बहुतेक दिवस वारा समुद्रावरून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊनच उडवतात. त्यामुळे तुमचं विमान आधी जुहूवरून समुद्रात जाईल, तिथे वळसा घेईल आणि मग नागपूरकडे तोंड करेल. तेवढा वेळ अंतर कमी होण्याऐवजी वाढत असतं.

वेगाचंही असंच. दहा हजार फुटांच्या खाली 250 नॉटची मर्यादा आहे, म्हणजे ताशी 463 किलोमीटर. त्याच्या वर गेल्यावर वेग धरायचा, तेही चढ चढत. तीस-पस्तीस हजार फुटांवर पोचायला वीसेक मिनिटं लागतात. उतरणीला साधारण 190 किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. मग 685 मधून चढणीचे दोनशे आणि उतरणीचे दोनशे वजा केले तर ताशी सव्वाआठशेने पळायला उरतं किती? वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. बाबांना सांगा, कल्याणहून निघून कसाऱ्याला बँकर लावून इगतपुरी गाठल्यावर बँकर सोडायला उभं राहायचं, आणि सरासरी मात्र सपाटीवरच्या वेगाची मागायची, तसं होईल ते.

नागपूरला धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. मुंबईकडून येणारं विमान तिला जवळजवळ आडवं येतं, त्यामुळे सरळ घुसता येत नाही. वळून रेषेत यायला काही मिनिटं. तिथे जमिनीवर मात्र सुख आहे. टेकल्यावर पाच मिनिटांत थांबतं.

आणि शेवटी वेळापत्रकातली सैल जागा. ठरलेल्या वेळेच्या 15 मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर धरतात, आणि वक्तशीरपणाचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. म्हणून सगळ्याच कंपन्या पाच-दहा मिनिटं हात राखून वेळ छापतात. मुंबईकडे येणाऱ्या मेल गाडीला ठाणे ते दादर या टप्प्यात वेळापत्रकात किती वेळ दिलेला असतो हे तुमच्या वडिलांनीच तुम्हाला सांगावं. तोच हिशोब.

बेरीज अशी: ढकलणं आणि रांग 20 ते 25 मिनिटं, हवेत 1 तास ते 1 तास 10, नागपूरला जमिनीवर 5, आणि राखीव थोडं. झाले 1:35.

आता तुमची काळजी. ती मला जास्त महत्त्वाची वाटते. विमान जागेवरून हललं की उठता येत नाही. रांगेची वीस मिनिटं आणि उडाल्यावर पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत आणखी दहा-बारा, म्हणजे पहिला सलग टप्पा अर्धा तास ते पस्तीस मिनिटं. मग मोकळीक. ती या मार्गावर फार तर अर्धा तास टिकते आणि त्यातच खाण्या-पिण्याच्या गाड्या वाटेत उभ्या असतात. उतरायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी दिवा पुन्हा लागतो, तो दारापर्यंत. म्हणजे दुसरा टप्पाही अर्ध्या तासाचा. बाबांच्या पंचेचाळीस मिनिटांत दोन्ही बसतात, पण फट अगदी लहान आहे. म्हणून तीन गोष्टी कराच. विमानात चढल्या चढल्या, दार लागण्याआधी, ते एकदा जाऊन येऊ देत. जागा मागची, वाटेकडेची घ्या. मागे दोन स्वच्छतागृहं असतात, पुढे एकच. आणि दिवा विझला की लगेच उठवा, "आत्ता लागली नाही" म्हणाले तरी.

विमान कुठलं आहे तेही तिकीट काढताना बघा. पंख्याचं एटीआर असेल तर ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, मग वरचा सगळा हिशोब बदलतो.

---

मुलुंडची सून

वरच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त माझा अनुभव लिहिते, कारण तो कामाला येईल.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सासूबाईंना घेऊन गेले होते. पाऊस धो धो. विमान ढकलून बाहेर काढलं आणि रांगेत 50 मिनिटं उभं राहिलं. सासूबाईंना जायचं होतं. मी दोनदा बटण दाबलं, दोनदा नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा त्या रडकुंडीला आल्या. पुढे काय झालं ते लिहीत नाही. उतरल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. राग माझ्यावर नव्हता, मान खाली गेली होती त्यांची.

परतीच्या वेळी मी चढतानाच दारातल्या मुलीला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ऑपरेशन झालंय, थांबवणं जमत नाही. तिने लक्षात ठेवलं. रांगेत विमान थांबलं तेव्हा तिने वैमानिकाला विचारलं, आणि अजून वेळ आहे कळल्यावर स्वतः येऊन सासूबाईंना नेलं. दोन्ही वेळा नियम तोच होता. आधी सांगितल्याने फरक पडला. तुम्ही बाबांच्या देखत सांगू नका, दोन पावलं मागे राहून सांगा.

प्रौढांचे डायपर मिळतात, ते घाला म्हणणं सोपं असतं. आमच्या सासूबाई नाही म्हणाल्या, तेव्हा मी जोर केला नाही. बाबांना विचारून बघा. नाही म्हणाले तर सोडून द्या.

व्हीलचेअर मात्र घ्याच, चालता येत असलं तरी. टी-2 ला (मुंबईच्या टर्मिनल 2 ला) दारापासून गेटपर्यंतचं चालणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. 48 तास आधी कळवून ठेवा, आयत्या वेळी वाट बघावी लागते.

---

उलवेकर

नवी मुंबईच्या प्रश्नाचं मी सांगतो, विमानतळ माझ्या गच्चीतून दिसतो. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. 3,700 मीटरची धावपट्टी आहे.

नागपूरचं अंतर इथून थोडं कमी आहे. मी नकाशावर मोजलं तर 667 च्या आसपास येतं. म्हणजे सहारपेक्षा सतरा-अठरा किलोमीटर वाचले. विमानाला ते मिनिट-दीड मिनिटाचं काम आहे, त्यावर काही ठरवू नका. फरक पडेल तो जमिनीवर. इथे अजून सहारसारखी रांग लागत नाही.

आता ठाण्याहून येणं. पोखरण रोडवरून ऐरोली, मग ठाणे-बेलापूर रस्ता, उरण फाटा, आम्र मार्ग. पस्तीस-चाळीस किलोमीटर पडतील. सहार तुम्हाला जवळ आहे, वीस-पंचवीसच्या आत. पण सकाळी पूर्व द्रुतगती मार्गावरून गांधीनगरला वळून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता) धरायचा म्हणजे काय ते ठाणेकराला मी सांगायला नको.

मी स्वतः माझ्या आईला इथूनच नेलं असतं. पण तुम्ही आठवड्याच्या दिवशी, त्याच वेळेला, एकदा फोनवर दोन्ही रस्त्यांचा वेळ बघा आणि मग ठरवा. गाडीतल्या वेळातही बाबांना तीच अडचण आहे हे विसरू नका.

---

पोखरणरोडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सहारच्या काकांचं उत्तर बाबांना दोनदा वाचून दाखवलं. डायमंड क्रॉसिंगच्या वाक्याला त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "कळलं. पुढे वाच." मग ठाणे ते दादरवर मला वीस मिनिटं ऐकवलं.

उलवेकर, तुम्ही गाडीतल्या वेळाचं लिहिलंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन दिवस सकाळी साडेसातला बघितलं. सहारचा वेळ दोन दिवस एक तासाच्या आसपास आला, एका दिवशी सव्वा. उलव्याचा, म्हणजे नवी मुंबईचा, तिन्ही दिवस सव्वा-दीड. शिवाय आम्हाला सोयीच्या वेळेचं विमान सहारहूनच आहे. आठवड्याच्या दिवसाऐवजी रविवार धरला, तेव्हा सहार.

मुलुंडच्या ताई, तुमचं लिहिलेलं वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. धन्यवाद. हे कुणी कुणाला सांगत नाही.

एक शंका राहिली, बाबांचीच. परतीच्या तिकिटावर 1 तास 45 मिनिटं आहेत. तेच दोन विमानतळ, तेच अंतर, मग दहा मिनिटं जास्त का?

---

सहारचा निवृत्त

दोन कारणं. एक वारा. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. जाताना तो पाठीशी, येताना छातीवर. नागपूरला काही मिनिटांचाच फरक पडतो, मुंबई-लंडनला मोठा पडतो. तिथे 7,200 किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि तिकडे जाताना येण्यापेक्षा सहज तासभर जास्त लागतो.

दुसरं, येताना तुम्ही मुंबईच्या आउटरवर येता. रांग असेल तर विमानाला आकाशातच घिरट्या घालायला लावतात. गाडी सिग्नलला उभी तरी करता येते, विमानाला उभं करायची सोय नाही.

वाऱ्यासारखीच वाटही बदलू शकते. 24 एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानवरून उडायला बंदी झाली आणि दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं दक्षिणेकडून वळसा घेऊ लागली. दोन शहरांमधलं अंतर एक मीटरनेही वाढलं नव्हतं. आमच्या खात्यात म्हणूनच अंतर कुणी विचारत नसे. आज किती मिनिटांची वाट आहे, असं विचारायचे.

परतीला एक करा. तुम्ही उजवीकडच्या खिडकीत बसा, बाबा वाटेकडेच्या जागेवर. उतरताना विमान पूर्वेकडून येतं, माझ्या कोपरखैरण्यावरून, साधारण दोन हजार फुटांवर. मग ठाण्याची खाडी. उजवीकडे ऐरोलीचा पूल, त्याच्या मागे तुमचं ठाणे, आणि लगेच पुढे पवई तलाव. पवई दिसल्यापासून चाकं टेकेपर्यंत दोन मिनिटंसुद्धा नसतात. तेव्हा डायरी हातात तयार असू द्या.

---

पोखरणरोडची लेक

जाऊन पोचलो. मोठे काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. बाबा रिक्षातून उतरले आणि दोघं बराच वेळ एकमेकांचे हात धरून नुसते उभे होते. मग काकांनी पहिलं विचारलं, "गाडी वेळेवर होती का?" त्यांच्या लेखी अजून गाडीच. बाबांनी खिशातून डायरी काढून दिली. ते पान जसंच्या तसं उतरवते, कारण हे बहुतेक त्यांनी काकांइतकंच तुम्हा लोकांसाठी लिहिलं आहे.

घर सोडलं 7:05
टी-2 दार 7:58
खुर्ची आली 8:10
विमानात 9:49 (एकदा जाऊन आलो)
दार बंद 10:14
मागे ढकलणे 10:21
स्वतःच्या बळावर 10:27
रांगेत पुढे पाच
जमीन सोडली 10:45, तोंड पश्चिमेला
समुद्र
दिवा विझला 10:57 (जाऊन आलो, 4 मिनिटे)
दिवा लागला 11:25
चाके टेकली 11:49
उभे राहिले 11:54

खाली रेघ, आणि रेघेखाली भागाकार. हवेत 64 मिनिटं. 685 ला 64 मिनिटं म्हणजे ताशी 642. त्याच्या शेजारी त्यांनी लिहिलंय, "आउटरला थांबा नाही. एक मिनिट लवकर."

दारातल्या मुलीला मी मागे राहून सांगितलं होतं. तिने फक्त मान हलवली. दिवा विझला तेव्हा खाण्याची गाडी बाहेर काढायच्या आधी ती आमच्या रांगेपाशी येऊन उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "काका, आता वाट मोकळी आहे." बाबांना वाटलं ती सगळ्यांनाच सांगते आहे.

कार्यक्रम उद्या आहे. मंगळवारी संध्याकाळच्या विमानाने परत, उजवीकडची खिडकी मिळाली आहे.

---

सहारचा निवृत्त

रांगेत पुढे पाच होते हे त्यांनी मोजलं! आमच्याकडे असते तर मी त्यांना सोडलं नसतं. मंगळवारी कितीचं विमान आहे? मी गच्चीत असेन.

---

पोखरणरोडची लेक

5:50 ला सुटणारं, 7:35 ला मुंबई.

---

पोखरणरोडची लेक

आलो घरी. नागपूरहून 5:58 ला हललं. मुंबईच्या आधी दोन घिरट्या घातल्या. बाबांनी दोन्हींच्या वेळा लिहिल्या, 11 मिनिटं गेली. दिवा तोवर लागलेला होता, मी घाबरले होते, पण ते म्हणाले, "अजून आहे वेळ माझ्याकडे." खाली दिवे लागलेले होते. कोपरखैरणं कुठलं ते मला अंधारात ओळखता आलं नाही, पण पूल ओळखू आला, दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा. बाबा माझ्या अंगावरून वाकून बघत होते. पवईचा काळा चौकोन दिसला तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. 7:31 आणि 20 सेकंद. चाकं टेकली 7:33 ला बरोबर.

काका, दोन मिनिटंसुद्धा नाहीत असं तुम्ही लिहिलं होतं. बाबांनी सांगायला सांगितलंय, 100 सेकंद.